डाळिंबातल्या गोळ्या आणि चार देशांचा रस्ता

एप्रिल 2021 मध्ये सौदी अरेबियाच्या कस्टम खात्याने एक व्हिडिओ दाखवला. लेबनॉनहून आलेली डाळिंबं, वरून बघितली तर आपल्या सांगोला-आटपाडीकडच्या कुठल्याही पॅकहाउसात दिसावीत तशी. अधिकारी फळ फोडतो आणि आत दाण्यांऐवजी प्लास्टिकच्या पुडीत कोंबलेल्या नशेच्या गोळ्या निघतात. एक फोडलं, दुसरं फोडलं, तिसरं फोडलं, तेच. मोजदाद झाली तेव्हा आकडा 50 लाखांच्या वर गेला. 25 एप्रिलपासून सौदीने लेबनॉनची फळं आणि भाजीपाला आपल्या देशात येऊ देणं बंद केलं. आपल्या हद्दीतून पुढे कुवेत-ओमानकडे जाऊ देणंही बंद केलं.

ज्याने घरी डाळिंब सोललंय त्याला यातली मेहनत कळेल. साल फाटू न देता आतलं सगळं काढायचं, पुडी भरायची, पुन्हा जोड दिसणार नाही असं बंद करायचं, तेही हजारो फळांचं. म्हणजे कुठेतरी शेड होती, बसून काम करणारे हात होते, त्यांना रोजंदारी देणारा मुकादम होता.

बंदी आली तशी लेबनॉनमध्ये बोंबाबोंब झाली. तिथल्या अधिकाऱ्यांचं म्हणणं, ही डाळिंबं आमची नव्हेतच. माल सीरियातून आला, आमच्याकडे फक्त कागद बदलले गेले आणि तो ‘लेबनॉनचा’ होऊन पुढे गेला. लेबनॉन तसाही डाळिंबाचा मोठा निर्यातदार नाही. पण बंदी डाळिंबापुरती नव्हती. बेका खोऱ्यातला बटाटा, सॅलडचा पाला, द्राक्षं, सफरचंद, सगळंच अडकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मात्र सौदीच्या बाजूने बघितलं तर त्यांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. त्यांचे बैरूतमधले राजदूत वलीद बुखारी यांनी तेव्हा सांगितलं की मागच्या 6 वर्षांत लेबनॉनमधून 60 कोटींहून जास्त गोळ्या आपल्याकडे पाठवण्याचा प्रयत्न झाला.

हे प्रकरण नीट समजलं तर अरब देशांच्या आपसातल्या बहुतेक व्यापारी भांडणांची किल्ली हाती लागते. म्हणून ते जरा सावकाश उलगडू.

आधी नकाशा. लेबनॉन हा आकाराने आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान देश. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला इस्रायल, आणि ती सीमा बंद. उरलेल्या दोन्ही बाजूंना सीरिया. त्यामुळे बेका खोऱ्यातला शेतकरी बटाट्याचा ट्रक आखातात पाठवतो तेव्हा तो ट्रक मस्ना नाक्यावरून सीरियात शिरतो, राजधानी दमास्कसला वळसा घालून दक्षिणेला दरआच्या बाजूला येतो, नसीब नाक्यावर सीरियातून बाहेर पडून पलीकडे जाबेरला जॉर्डनमध्ये जातो, जॉर्डन ओलांडून उमरीला येतो आणि तिथून सौदीच्या हदीथा नाक्यावर पोचतो. एका ट्रकच्या वाटेत चार देश. चौघांपैकी एकाचंही डोकं फिरलं तर बटाटा वाटेतच सडतो.

आणि डोकी फिरतात. 2015 च्या एप्रिलमध्ये सीरियातल्या बंडखोरांनी नसीबचा नाका ताब्यात घेतला आणि हा रस्ता साडेतीन वर्षं बंद राहिला. ऑक्टोबर 2018 मध्ये तो उघडला, तर सीरियाने परदेशी ट्रकांवरचं ट्रान्झिट शुल्क कित्येक पटींनी वाढवून ठेवलेलं. मे 2019 मध्ये जॉर्डनने सीरियाच्या जवळपास 200 प्रकारच्या मालावर बंदी घातली. गंमत अशी की नाका उघडावा म्हणून सगळ्यात जास्त खटपट जॉर्डननेच केली होती.

आता गोळीकडे येऊ. तिचं नाव कॅप्टागॉन. 1960 च्या दशकात जर्मनीत हे औषध निघालं, आतला पदार्थ फेनेथिलीन. अतिचंचल मुलांना, दिवसा अचानक झोप लागण्याचा आजार असलेल्यांना डॉक्टर ते द्यायचे. सवय लागते हे कळल्यावर 1986 मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले आणि कायदेशीर उत्पादन थांबलं. नाव मात्र बाजारात राहिलं. आज त्या नावाने जे विकलं जातं त्यात बहुधा फेनेथिलीन नसतंच. साधं अ‍ॅम्फेटामिन, कॅफिन आणि हाताला लागेल ती भर. गोळीवर पाठीला पाठ लावलेल्या दोन चंद्रकोरी असतात, म्हणून अरबीत तिला ‘अबू हिलालैन’ म्हणतात, म्हणजे दोन कोरींवाली. रात्रभर जागवते, भूक मारते. रात्रपाळीचा ड्रायव्हर, परीक्षेला बसलेला पोरगा आणि पार्टीतला श्रीमंताचा मुलगा, तिघांनाही ती वेगवेगळ्या कारणांनी हवी असते. दारूला पूर्ण बंदी असलेल्या सौदी समाजात तिच्याकडे ‘गोळीच तर आहे’ अशा नजरेने बघितलं जायचं, हाही खपाचा एक भाग.

हिशेब मांडून बघा. एक गोळी साधारण 0.17 ग्रॅमची. 50 लाख गोळ्या म्हणजे साडेआठशे किलो, आपल्याकडच्या एका छोट्या टेम्पोचा माल. बनवायचा खर्च गोळीमागे डॉलरहून कमी, कित्येकदा काही सेंटच. सौदीत किरकोळ भाव 10 ते 25 डॉलर सांगितला जातो. सगळ्यात खालचा, 10 डॉलरचा भाव धरला तरी त्या डाळिंबांच्या पोटात 5 कोटी डॉलर होते. आणि लेबनॉन सौदीला वर्षभरात फळं-भाजीपाला किती विकत होता? तिथल्या सरकारने त्या वेळी दिलेला आकडा 2.4 कोटी डॉलर. एका खेपेतल्या गोळ्या साऱ्या देशाच्या दोन वर्षांच्या शेतमालाला भारी. या तराजूत शेतकरी कधी जड होणार?

फळांतच का लपवायचं, हे ट्रकवाल्याला विचारायची गरज नाही. नाशवंत माल थांबवून ठेवता येत नाही. वाळवंटाच्या उन्हात रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या ट्रकचं दार उघडून एकेक पेटी खाली उतरवली तर तपासणी होईपर्यंत माल गेला. नाक्यावर कस्टमचा माणूसही हे जाणतो, मागची रांग वाढत असते, ड्रायव्हर कावलेले असतात. मग वरच्या दोन पेट्या बघितल्या की शिक्का. स्कॅनर पुरेसे नव्हते, हे बंदीनंतर लेबनॉनमध्येच उघड बोललं गेलं.

शिक्क्याचा आणखी एक प्रकार समजून घ्यायला हवा, तो म्हणजे मालाच्या उगमाचा दाखला. माल कुठल्या मातीत पिकला किंवा कुठल्या कारखान्यात बनला हे सांगणारा कागद. अरब देशांनी आपसात मुक्त व्यापाराचा मोठा करार केलेला आहे. 2005 पासून त्यांच्यात बहुतेक मालावर सीमाशुल्क नाही. म्हणजे ज्याच्याकडे ‘अरब’ उगमाचा खरा किंवा खोटा दाखला आहे त्याला दार उघडं. युद्धाच्या काळात सीरियाचा माल म्हटला की सौदीत भुवया उंचावायच्या, लेबनॉनचा म्हटला की कमी. मग सीरियाच्या डाळिंबाला लेबनॉनचं कुळ चिकटवायचं. चोरट्या धंद्यात गोळी बनवणाऱ्याइतकाच भाव या कागद बनवणाऱ्याला असतो, फक्त तो फोटोत कधी येत नाही.

पण गोळी सीरियातच का बनू लागली? 2011 नंतरच्या युद्धात कारखाने बंद पडले, तेलविहिरी सरकारच्या हातून गेल्या, पाश्चात्त्य निर्बंधांनी बँका तुटल्या. रसायनं आणि औषधनिर्मिती जाणणारी माणसं मात्र देशात होती, यंत्रं होती, बंदरं होती. सुरुवातीला टोळ्यांनी छोटे अड्डे घातले. पुढे धंदा सत्तेच्या मांडीवर जाऊन बसला. राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद यांचा भाऊ माहेर ज्या चौथ्या आर्मर्ड डिव्हिजनचा प्रमुख होता, तिच्याकडे सीमेवरचे नाके आणि रस्त्यावरच्या चौक्या होत्या. याच तुकडीवर या व्यापाराला संरक्षण दिल्याचा आरोप सगळीकडून झाला. 2023 च्या मार्चमध्ये अमेरिका आणि ब्रिटनने कॅप्टागॉनवरूनच असद यांच्या दोन चुलतभावांवर निर्बंध लावले. दमास्कसने हे कायम नाकारलं. लेबनॉनमधल्या हिजबुल्ला या सशस्त्र संघटनेनेही आपला संबंध नाकारला. कुंपणच शेत खायला लागलं की शेताला राखण कोणाची? वॉशिंग्टनमधल्या न्यू लाइन्स इन्स्टिट्यूटने 2021 सालच्या कॅप्टागॉन व्यापाराचा अंदाज 5.7 अब्ज डॉलर बांधला होता. सीरियाची अधिकृत निर्यात तेव्हा एक अब्ज डॉलरचाही पल्ला गाठत नव्हती.

एवढं वाचून कोणाला वाटेल की सगळा खेळ अमली पदार्थांचा आहे. तसं नाही. या सीमेवर चोरटा माल गोळ्यांच्या आधीपासून जात होता, आणि त्यातला बहुतेक अगदी घरगुती: डिझेल, सिगारेटी, औषधं, मैदा. त्याचं मूळ फार जुन्या फारकतीत आहे.

फ्रेंचांच्या काळात सीरिया आणि लेबनॉनचा बाजार एकच होता. एक कस्टम, एक चलन. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं तसंच चाललं. पण बैरूतचे व्यापारी आयातीवर जगणारे, त्यांना दारं सताड उघडी हवी होती. दमास्कस आणि हलबच्या (अलेप्पोच्या) कारखानदारांना परदेशी कापडावर जबर जकात हवी होती, नाहीतर त्यांचे माग बंद पडणार. 1948 मध्ये लेबनॉनने चलनाच्या प्रश्नावर फ्रान्सशी वेगळा करार केला, सीरियाने तेव्हा नाही केला. मार्च 1950 मध्ये सीरियाने कस्टमची भागीदारीच मोडली. एकत्र कुटुंबात चूल वेगळी झाली की अंगणात रेघ ओढली जाते, तसं झालं. पण अंगणात खेळणारी पोरं आणि एकमेकांकडे दिलेल्या मुली तिथेच राहिल्या. उत्तरेला वादी खालिदसारख्या भागात नातेवाईक रेघेच्या दोन्ही बाजूंना. त्यांच्या लेखी पलीकडून साखरेचं पोतं आणणं ही तस्करी नव्हे, मामाच्या गावाला जाऊन येणं.

रेघेच्या दोन बाजूंना एकाच वस्तूचे दोन भाव असले की ती वस्तू पाय फुटल्यासारखी चालू लागते. हा नियम मराठी माणसाला नवा नाही. सुवर्ण नियंत्रणाच्या काळात दुबईत सोनं खुलेआम आणि स्वस्त, मुंबईत महाग आणि जखडलेलं. म्हणून अरबी समुद्र ओलांडून गलबतं रात्रीची आपल्या किनाऱ्याला लागायची. 1990 मध्ये तो कायदा गेला, पुढे सोन्याची आयात सैल झाली, आणि त्या धंद्यातला रस बराच आटला. पोलिसांच्या धाडींनी जे झालं नाही ते भावातली दरी बुजल्यावर झालं.

सीरिया-लेबनॉन सीमेवर ही दरी दिशाही बदलते, हे मला फार बोलकं वाटतं. 2011 च्या आधी डिझेल सीरियात स्वस्त होतं, सरकार सबसिडी देत होतं. इतकं स्वस्त की ते लेबनॉन, जॉर्डन आणि तुर्कस्तानात वाहत होतं. दमास्कस आपल्या पैशाने शेजाऱ्यांच्या चुली पेटवत होतं. मे 2008 मध्ये सरकारने भाव लिटरला 7 सीरियन पौंडांवरून एकदम 25 वर नेला, त्यामागे ही गळती हेही एक कारण होतं. दहा-बारा वर्षांनी चित्र उलटं. सीरियात तेल नाही, तर लेबनॉनमध्ये 2019 पासून बँका बुडालेल्या, काळ्या बाजारात तिथलं चलन लिरा कोसळलेलं, पण मध्यवर्ती बँक इंधनाच्या आयातीला अजूनही जुन्या अधिकृत दराने, म्हणजे डॉलरला सुमारे 1,500 लिरा या हिशेबाने, डॉलर पुरवत होती. बाहेर डॉलर 10-12 हजारांच्या वर. म्हणजे लेबनॉनमधलं पेट्रोल कागदावर जवळजवळ फुकट. मग टँकर सीरियाकडे वळले. त्याच वाटा, त्याच खिंडी, फक्त तोंडं फिरलेली. बैरूतमध्ये लोक पंपावर तासन्‌तास रांगेत, आणि सबसिडीचं पेट्रोल डोंगरापलीकडे.

त्या रांगांचा शेवट कुठे झाला ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये मध्यवर्ती बँकेने जाहीर केलं की आता इंधनाला सवलतीच्या दराने डॉलर मिळणार नाहीत. भाव वाढणार म्हणून साठेबाजांनी टाक्या भरून ठेवल्या, लष्कराने धाडी सुरू केल्या. 15 ऑगस्टला उत्तरेच्या अक्कार भागात तलेल गावाजवळ असाच एक दडवलेला साठा सापडला. रात्री बातमी पसरली, लोक बाटल्या आणि कॅन घेऊन धावले. टाकीभोवती गर्दी असतानाच स्फोट झाला. जवळपास 30 माणसं गेली, कित्येक भाजली, त्यांत लष्कराचे जवानही होते. अक्कार हा लेबनॉनचा सगळ्यात गरीब भाग. सबसिडी त्यांच्यासाठी म्हणूनच होती.

शेजाऱ्याशी भांडताना नाका हे हत्यार म्हणून वापरायची सवयही याच भागात जुनी. 2005 च्या एप्रिलमध्ये सीरियाचं लष्कर जवळपास 29 वर्षांनी लेबनॉनमधून बाहेर पडलं, तेही पंतप्रधानपद भूषवलेल्या रफिक हरिरी यांच्या हत्येनंतर उठलेल्या जनक्षोभामुळे. त्या उन्हाळ्यात सीमेवर अचानक ‘सुरक्षा तपासणी’ कडक झाली. शेकडो ट्रक आठवडे-आठवडे उभे, आतला माल सडलेला, ड्रायव्हर ट्रकखालच्या सावलीत झोपलेले. लेबनॉनचे नवे पंतप्रधान फौद सिनिओरा जुलैच्या शेवटी दमास्कसला जाऊन आले आणि नाका सैल झाला. नाक दाबलं की तोंड उघडतं. तपासणीचं कारण खरं की खोटं हे अशा वेळी कोणी विचारत नाही, कारण ते कधीच पूर्ण खोटं नसतं.

सौदीच्या बंदीचंही पुढे तेच झालं. फळांवरच्या बंदीला निदान फोडलेल्या डाळिंबांचा पुरावा होता. पण ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सौदीने लेबनॉनचा सगळाच माल बंद केला आणि लेबनॉनच्या राजदूताला 48 तासांत निघून जायला सांगितलं, ते एका मुलाखतीवरून. लेबनॉनचे माहितीमंत्री जॉर्ज कोरदाही हे मूळचे टीव्हीवरचे सूत्रसंचालक. आपल्या ‘कौन बनेगा करोडपती’चा जो अरबी भाऊ आहे, तो त्यांनीच एका सौदी मालकीच्या वाहिनीवर गाजवला होता. मंत्री होण्याआधी दिलेल्या त्या मुलाखतीत ते येमेनमधल्या युद्धाला निरर्थक म्हणाले होते आणि सौदी तिथे ज्यांच्याशी लढत होता ते हुथी बंडखोर स्वसंरक्षण करताहेत असं बोलले होते. कुवेत आणि बहरीननेही लेबनॉनच्या दूतांना घरी पाठवलं. कोरदाहींनी 3 डिसेंबरला राजीनामा दिला. बंदी उठली नाही. कारण खरा राग कोरदाहींवर नव्हताच. लेबनॉनच्या सत्तेवर हिजबुल्लाची आणि तिच्यामागून इराणची पकड बसली, याचा तो राग होता. पण साबणाच्या, चॉकलेटच्या, छपाईच्या ज्या कारखान्यांची आखाती गिऱ्हाइकं एका रात्रीत गेली, त्यांना यातलं कोणतं कारण खरं याने काय फरक पडणार होता?

आणि गोळ्या? त्यांनी वाट बदलली. डिसेंबर 2021 च्या शेवटी बैरूत बंदरात कुवेतला निघालेल्या संत्र्यांच्या खोक्यांत लेबनॉनच्याच कस्टमने सुमारे 90 लाख गोळ्या पकडल्या. या वेळी फळ पोखरायचाही त्रास घेतला नव्हता. प्लास्टिकची संत्री, त्यांवर खऱ्या सालीसारखे बारीक खळगे, आणि वरच्या थरात खरी संत्री. ऑगस्ट 2022 मध्ये रियाधमध्ये पिठाच्या खेपेत जवळपास 4 कोटी 70 लाख गोळ्या सापडल्या. त्याआधी 2020 मध्ये इटलीच्या सालेर्नो बंदरात कागदाच्या रिळांत आणि यंत्रांच्या चाकांत 8 कोटी 40 लाख गोळ्या मिळाल्या होत्या. माल युरोपच्या बंदरात का? कारण इटलीहून आलेल्या कंटेनरकडे सौदीतला अधिकारी सीरियाच्या कंटेनरइतक्या संशयाने बघत नाही. पुन्हा उगमाचाच खेळ, फक्त लांबचा वळसा घालून.

मधल्या मधे पिसला गेला तो जॉर्डन. सीरियाशी त्याची सुमारे 375 किलोमीटरची सीमा, बरीचशी ओसाड. त्या सीमेवर रम्था नावाचं गाव आहे. तिथल्या टॅक्सीवाल्यांना ‘बहारा’ म्हणतात, म्हणजे खलाशी. समुद्राचा पत्ता नाही, तरी खलाशी! सकाळी गाडी घेऊन पलीकडे दरआला जायचं, मिठाई, फळं, कपडे, सिगारेटी भरून संध्याकाळी परतायचं. कायद्याने बघितलं तर प्रवाशाच्या सामानाच्या नावाखाली चाललेला व्यापार. गावाने बघितलं तर पोटापाण्याचा रोजगार, आणि सरकार पिढ्यान्‌पिढ्या काणाडोळा करत आलेलं. 2011 नंतर दरआत गोळीबार सुरू झाला आणि रम्थाची बाजारपेठ ओस पडली. नाका पुन्हा उघडल्यावर खलाशी परत निघाले, तर ऑगस्ट 2019 मध्ये सरकारने सिगारेटींवर मर्यादा घातली: माणशी एक कार्टन. रम्थात टायर जळले. सरकारचंही गणित होतं. सिगारेटवरचा कर हा जॉर्डनच्या तिजोरीचा मोठा आधार, आणि त्या वर्षी तिजोरीला भोक पडलेलं.

सिगारेटवाल्या खलाशाला जी माफी होती ती गोळीवाल्याला नाही. 27 जानेवारी 2022 ला बर्फाच्या वादळात सीमा ओलांडणाऱ्या टोळ्यांवर जॉर्डनच्या सैन्याने गोळ्या झाडल्या, 27 जण ठार झाले. काही दिवस आधीच अशाच चकमकीत त्यांचा एक अधिकारी मारला गेला होता. जॉर्डन मुख्यतः वाट आहे, ठिकाण नाही. माल सौदीकडे जायचा असतो. पण वाटेवरच्या गावात थोडं सांडतंच. जॉर्डनमध्ये ती गोळी सौदीपेक्षा कितीतरी स्वस्त मिळू लागली, आणि हीच अम्मानमधल्या जॉर्डन सरकारची खरी चिंता.

या धंद्याचा राजकारणात कसा वापर झाला ते 2023 च्या मे महिन्यात आठवड्याभरात दिसलं. 1 तारखेला अम्मानमध्ये सीरियाने शेजाऱ्यांना शब्द दिला की तस्करी रोखायला मदत करू. 7 तारखेला अरब लीगने बारा वर्षं बाहेर ठेवलेल्या सीरियाला परत घेतलं. 8 तारखेला दक्षिण सीरियात सुवैदा भागात एका घरावर हवाई हल्ला झाला आणि मरई अल-रम्थान हा मोठा तस्कर मारला गेला. त्याच्याबरोबर त्याची बायको आणि मुलंही. जॉर्डनने हल्ल्याची जबाबदारी जाहीरपणे घेतली नाही, पण तो त्यानेच केला याबद्दल त्या भागात कोणाला शंका नाही. असद यांच्यासाठी कॅप्टागॉन हा पैसा होता, तसाच वाटाघाटीतला हुकमाचा पत्ता: मला मान्यता द्या, नळ बंद करतो. मान्यता मिळाली. नळ बंद झाला नाही. बंद केला असता तर हातात दुसरा पत्ता कुठला उरला असता?

सगळीच भांडणं इतकी रक्ताळलेली नसतात. जुलै 2021 मध्ये सौदीने आयातीचा एक नियम बदलला: आखाती देशांतल्या ज्या कारखान्यात स्थानिक नागरिक 25 टक्क्यांहून कमी, किंवा मालात तिथली मूल्यवाढ 40 टक्क्यांहून कमी, त्याच्या मालाला सवलतीचा दर नाही. मुक्त क्षेत्रांतल्या, म्हणजे करसवलतीच्या खास पट्ट्यांतल्या मालालाही नाही. कोणाचं नाव घेतलं नव्हतं, पण मुक्त क्षेत्रांचा आणि परदेशी कामगारांचा देश म्हणजे अमिराती, हे पोरालाही कळलं. त्या कारखान्यांत आपली मल्याळी-मराठी माणसंही असतातच. त्यांची संख्या जास्त म्हणून माल ‘आखाती’ नाही, असा तो हिशेब. त्याआधी 2017 मध्ये कतारचा एकमेव जमिनीवरचा नाका सौदीने बंद केला होता, तेव्हा दुधाची टंचाई नको म्हणून कतारने विमानांनी गाई आणल्या. साडेतीन वर्षांनी नाका उघडला, तोवर कतार स्वतःचं दूध विकायला लागला होता. सौदीच्या दूधवाल्यांचं ते गिऱ्हाईक पूर्वीसारखं परत आलं नाही.

8 डिसेंबर 2024 ला असद यांची सत्ता कोसळली. काही दिवसांतच दमास्कसजवळच्या दूमात पत्रकारांनी एक कारखाना पाहिला. पाटी बटाट्याच्या वेफर्सची. आत रसायनांची पिंपं, आणि घरगुती व्होल्टेज स्टॅबिलायझरची रास. त्यांच्या तांब्याच्या वेटोळ्यांत गोळ्या भरलेल्या. नव्या राजवटीच्या माणसांनी कॅमेऱ्यासमोर ढिगाला आग लावली. एवढे साठे जळाल्यावर काही काळ बाजारात चणचण झाली, भाव चढले. आणि चढलेला भाव म्हणजे राहिलेल्यांना आमंत्रण. 2025 मध्येही जॉर्डनचं सैन्य उत्तर सीमेवर माल पकडत राहिलं, त्यातला काही ड्रोनवर बांधलेला, काही फुग्यांना लटकावून वाऱ्यावर सोडलेला. फुग्याला उगमाचा दाखला लागत नाही, आणि त्याला अडवायला नसीबला किंवा जाबेरला आडवा दांडाही नाही.